जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला रिवाइंड क्रँक बसवावा का, आणि बसवायचा तर कसा

कराडच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे, की त्यांच्याकडे वडिलांचा लायका एम-३ आणि त्यांनी स्वतः कॉलेजात असताना घेतलेला झोर्की-४ असे दोन रेंजफाइंडर कॅमेरे (काचेत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायचे) आहेत. दोन्हींवर ते अजूनही वर्षाला दहा-बारा रोल काढतात; पण अंगठ्याच्या बुडाशी संधिवात झाल्यापासून, रोल संपल्यावर तो कॅसेटमध्ये परत गुंडाळण्याचा छोटा गोल नॉब त्यांना फिरवता येत नाही. नॉबवर चढवायचा घडीचा क्रँक, म्हणजे घडी घालता येणारी फिरवायची छोटी दांडी, मिळतो असे त्यांनी ऐकले आहे. तो घ्यावा का, त्याने फिल्मला किंवा कॅमेऱ्याला काही इजा होईल का, आणि वडिलांच्या कॅमेऱ्याची किंमत त्यामुळे कमी होईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सर, सांगलीत मी गेली ३४ वर्षे कॅमेरे दुरुस्त करतो आहे आणि आपण ज्या कारणाने विचारता त्याच कारणाने विचारणारे बरेच जण माझ्याकडे येऊन गेले आहेत. आधी निर्णय सांगतो. एम-३ ला वरून चढणारा, नॉबमध्ये स्क्रू न रुतवता पकडीने बसणारा क्रँक जरूर लावावा. झोर्कीला मात्र तो आज लावू नये. आधी त्याचा नॉब जड का झाला आहे ते पाहावे, कारण आपण लिहिले आहे की तो ‘रिकामा असतानाही घासल्यासारखा फिरतो’, आणि हे वाक्य मला संधिवातापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. आणि दोन्हींपैकी कोणत्याही कॅमेऱ्याच्या मूळ नॉबला भोक पाडू देऊ नये, मग समोरचा कारागीर कितीही हुशार असो.

नॉब फिरवणे एवढे कष्टाचे का होते, याचा हिशेब एकदा मांडला की क्रँक नेमके काय करतो ते आपोआप कळते. ३५ मिमी फिल्मवर एक फ्रेम ८ छिद्रांची असते आणि दोन छिद्रांमधले अंतर ४.७५ मिमी असते, म्हणजे एका फ्रेममागे ३८ मिमी फिल्म सरकते. ३६ फ्रेमचे १३६८ मिमी होतात, आणि सुरुवातीची पट्टी धरली तर सुमारे दीड मीटर फिल्म आपल्याला कॅसेटच्या रिळावर परत ओढायची असते. रिळाचा गाभा साधारण १२ मिमी जाड असतो आणि पूर्ण भरल्यावर गुंडाळी २१-२२ मिमीपर्यंत जाते, म्हणून सरासरी एका फेऱ्यात पाच सेंटिमीटरच्या आसपास फिल्म गुंडाळली जाते. याचा अर्थ सुमारे ३० फेरे. आता अंगठा आणि तर्जनी यांच्या एका चिमटीत नॉब फार तर एक-तृतीयांश फिरतो, तेव्हा एका रोलसाठी नव्वदेक वेळा चिमूट धरायची, पिळायची आणि सोडायची. ज्याच्या अंगठ्याचा सांधा दुखतो त्याला यातली पिळण्यापेक्षा चिमूट धरण्याची क्रियाच जास्त दुखवते.

क्रँक इथे दोन गोष्टी बदलतो. पहिली म्हणजे फिरवणारा हात, म्हणजे क्रँकची दांडी, लांब होते. समजा नॉबची त्रिज्या ८ मिमी आहे आणि क्रँकच्या हाताची लांबी १८ मिमी, तर तेवढाच पीळ देण्यासाठी बोटाला निम्म्याहूनही कमी जोर लावावा लागतो. दुसरी, आणि आपल्या दृष्टीने मोठी, गोष्ट अशी की चिमूटच धरावी लागत नाही. तर्जनीच्या टोकाने क्रँकच्या हातावरच्या खुंटीला फक्त ढकलत राहायचे. मात्र हाच फायदा उलटूनही अंगावर येऊ शकतो. नॉब फिरवताना फिल्म कुठे अडली तर बोटे घसरतात आणि माणूस थांबतो. क्रँकला बोट घसरत नाही. अडलेल्या फिल्मवर दुप्पट पीळ जातो आणि बोटाला त्याची जाणीव उशिरा होते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या एका छायाचित्रकारांनी माझ्याकडून एम-२ वर क्रँक बसवून नेला आणि आठवड्याभरात लग्नाचा एक रोल घेऊन परत आले. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूचा रिवाइंडचा लहान लिव्हर त्यांनी ‘आर’ खुणेपर्यंत पूर्ण नेलेला नव्हता. त्यामुळे फिल्मची छिद्रे धरणाऱ्या दात्यांचा रूळ मोकळा झाला नव्हता, आणि क्रँकने त्यांनी फिल्म त्या अडलेल्या दात्यांवरून ओढून नेली होती. मी काळ्या पिशवीत हात घालून फिल्म बाहेर काढली तेव्हा वरच्या काठाची छिद्रे एकसलग फाटून काठाला करवतीसारखे दाते पडले होते. चित्रे वाचली, कारण फाटणे छिद्रांपुरतेच राहिले. पण ती फिल्म डेव्हलपिंगच्या रिळावर चढवताना मला अर्धा तास लागला. नॉब असता तर पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांना ‘काहीतरी चुकतंय’ हे बोटांनी सांगितले असते. तेव्हापासून क्रँक बसवून देताना मी माणसाला समोर बसवतो आणि वाया गेलेल्या रोलवर त्याच्याकडून दोनदा रिवाइंड करून घेतो.

इथे थोडा इतिहास सांगतो. १९२५ साली पहिला लायका बाजारात आला तेव्हापासून त्याच्या डाव्या टोकाला चरे पाडलेला गोल नॉबच होता आणि १९५४ च्या एम-३ मध्येही तोच राहिला. त्याच १९५४ साली जपानमध्ये आलेल्या निकॉन एस-२ ला मात्र घडीचा क्रँक होता. पुढे निकॉन एसपी आणि कॅनन पी यांनाही तो मिळाला. लायकाने क्रँक दिला तो १९६७ च्या एम-४ मध्ये, आणि तोही बाहेरच्या बाजूला तिरका झुकवून, म्हणजे फिरवताना बोटांची पेरे वरच्या पत्र्यावर आपटत नाहीत. १९७१ च्या एम-५ मध्ये तर तो थेट तळाच्या बाजूला नेला. मग २००३ च्या एमपी मध्ये कंपनीने पुन्हा जुना नॉब आणला. अनेक जण मला विचारतात की एम-४ चा तिरका क्रँक काढून एम-३ ला लावता येईल का. येत नाही, एम-४ चा वरचा पत्राच त्या कोपऱ्यात तिरका कापलेला आहे. एम-३ साठी वरून चढणारा क्रँक लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीनेही त्या काळी जोडसामान म्हणून विकला होता, तेव्हा आपण वडिलांच्या कॅमेऱ्याशी काही परका खेळ करत आहोत असे मनात आणण्याचे कारण नाही.

आता खरेदीबद्दल. आज जे क्रँक मिळतात त्यांत मूळ जुने, नव्याने कातलेले पितळी किंवा ॲल्युमिनियमचे, आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेले प्लास्टिकचे असे प्रकार आहेत. मी स्वतः कुपवाड एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून पितळेचे करून घेतो. क्रँक कुठलाही असो, पाहण्याची गोष्ट एकच: तो नॉबला कसा धरतो. काहींच्या बाहीला, म्हणजे नॉबवर चढणाऱ्या कड्याला, बाजूने तीन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) असतात. ते आवळले की त्यांची टोके नॉबच्या चऱ्यांत रुततात आणि तिथले क्रोमियम उडते; एकदा उडाले की खालचे पितळ दिसते आणि ते पुन्हा झाकता येत नाही. दुसऱ्या प्रकारात बाहीला उभी चीर असते आणि एकच आडवा स्क्रू ती चीर मिटवून संपूर्ण परीघ सारखा आवळतो. हा दुसराच घ्यावा. त्याच्या आत मी शॅमॉय चामड्याची पातळ पट्टी एकेरी फिरवतो, म्हणजे धातूला धातू लागत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मात्र लावू नका. पुष्कळ जण लावतात. व्हल्कनाइज केलेल्या रबरात गंधक असते आणि वर्ष-दोन वर्षांत त्याने पितळावर काळा डाग धरतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे तर नावच नको. त्याची वाफ जवळच्या व्ह्यूफाइंडरच्या काचेवर पांढरी साय धरते, आणि एखादा थेंब शाफ्टच्या बाजूने खाली उतरला तर नॉब वर उचलला जाणेच बंद होते.

बाहीची उंची मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. एम-३ चा नॉब आणि वरचा पत्रा यांत थोडी फट असते, आणि रिवाइंड करताना नॉब थोडा वर ओढायचा असतो. बाही त्या फटीपर्यंत खाली आली तर नॉब खाली असताना, म्हणजे फोटो काढताना, तिची कड पत्र्यावर घासत राहते. माझ्या टर्नरने केलेला पहिला नमुना असाच १ मिमी लांब होता. दुकानात हातात धरून पाहिले तेव्हा काही दिसले नाही. महिन्याभराने कॅमेरा साफसफाईला आला तेव्हा नॉबभोवती केसाएवढे बारीक, अचूक वर्तुळ पत्र्यावर कोरले गेले होते. ते वर्तुळ माझ्या हलगर्जीपणाचे होते आणि त्या गृहस्थांना मी ते तसेच सांगितले. आता मी बाही चढवून झाली की तिच्या आणि पत्र्याच्या मधून पोस्टकार्डाचा कागद सरकवून पूर्ण एक फेरा फिरवून पाहतो. कागद सगळीकडून सुटा सरकला पाहिजे.

क्रँकच्या हाताची घडी मिटल्यावर ती ‘टक्’ करून बसली पाहिजे. नुसती टेकलेली चालणार नाही. याचे कारण असे की आपण फिल्म पुढे घेतो तेव्हा हा नॉब उलट दिशेने आपोआप फिरत असतो. एम-३ च्या नॉबवर दोन लाल ठिपके असतात ते यासाठीच, की ते फिरताना दिसले म्हणजे फिल्म खरोखर सरकते आहे. क्रँक चढवल्यावर ते ठिपके झाकले जातात, परंतु घडी घातलेला हात फिरताना दिसतो, तेव्हा ती सोय आपण गमावत नाही. उलट ती जास्त ठळक होते. अडचण होते ती सैल हात मधेच उघडला तर. मग तो गळ्यातल्या पट्ट्यात अडकतो, नॉब थांबतो, आपण मात्र वाइंडिंग लिव्हर ओढतच असतो, आणि छिद्रे फाटतात. कॅमेऱ्याचे मूळ चामडी कव्हर असेल तर त्याचा वरचा भाग आता नीट बसणार नाही, आणि बळेच बसवला तर तोही क्रँकला दाबून तेच करील. कव्हर बाजूला ठेवा किंवा वरचा भाग काढून नुसता तळाचा भाग वापरा. खुंटीबद्दल एक सांगायचे राहिले: ती आपल्या बोटासाठी ६-७ मिमी जाड आणि स्वतःभोवती फिरणारी असावी. बाजारातल्या पुष्कळ क्रँकना काडीसारखी बारीक, घट्ट खुंटी असते. निरोगी हाताला तिचे काही वाटत नाही, दुखऱ्या बोटाला वाटते.

आपल्या झोर्कीकडे वळतो. रिकामा कॅमेरा घ्या, शटरच्या बटणाभोवतीची कडी रिवाइंडच्या जागी फिरवा, मागचा पत्रा उतरवा, आणि एका बोटाने नॉब फिरवून पाहा. कॅसेट नसताना नॉबला फक्त स्वतःचा शाफ्ट फिरवायचा असतो. तो एका बोटाने सहज, आवाज न करता फिरला पाहिजे. तसा फिरत नसेल तर अडचण बोटांत नाही. बहुतेक वेळा ती शाफ्टच्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्या धातूच्या नळीत फिरतो तिच्यात, वाळलेल्या ग्रीसची असते, कधी कॅसेटच्या रिळात जाणारा काटा पडल्यामुळे वाकलेला असतो, आणि आपल्या भागात तिसरेही एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे पाण्यात गेलेले बरेच कॅमेरे आले. त्यांतला एक झोर्की वरून इतका स्वच्छ पुसलेला होता की मालकांना तो बरा वाटत होता. फक्त ‘नॉब जरा जड आहे’ एवढीच तक्रार. मी नॉब उतरवून शाफ्ट वर ओढला तेव्हा त्याच्याबरोबर कृष्णेचा गाळ राखाडी पेस्टसारखा वर आला, आणि जुन्या ग्रीसमध्ये मळून त्याचे अगदी पॉलिशपेपरसारखे झाले होते. त्या नॉबवर क्रँक चढवून कोणी जोर लावला असता तर बुश अंडाकृती झिजून गेला असता. आपला कॅमेरा पुरात होता की नाही हे आपण लिहिलेले नाही. कराडलाही त्या वर्षी नदीकाठी पाणी शिरले होते, म्हणून विचारतो.

साफसफाई फार अवघड नाही, पण ज्याने पूर्वी केली आहे त्यानेच करावी. काही कॅमेऱ्यांत नॉब शाफ्टवरच्या आट्यांवर बसतो. आतला काटा लाकडी काडीने अडवून धरायचा आणि नॉब घड्याळाच्या उलट दिशेने सोडवायचा. काहींत नॉबच्या बाजूला बारीक ग्रब स्क्रू असतात आणि ते आधी सैल करावे लागतात. कुठला प्रकार आहे हे भिंगातून पाहून ठरवल्याशिवाय पीळ देऊ नये. काटा अडवायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालणारे मी पाहिले आहेत. तो निसटला की थेट कापडी शटरच्या पडद्यात घुसतो. शाफ्ट बाहेर आल्यावर तो आणि बुश आयसोप्रोपिल अल्कोहोलने काडीवर कापूस गुंडाळून पुसायचे, पांढरा कापूस पांढराच बाहेर येईपर्यंत, आणि मग हलक्या ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्यायचा. शिवणयंत्राचे तेल इथे चालत नाही, कारण ते पसरते आणि पडद्यापर्यंत पोचते.

साफसफाईनंतर झोर्कीचा नॉब हलका झाला आणि तरीही आपल्याला चिमूट धरवत नसेल, तर क्रँकचा विचार करावा. पण झोर्की-४ ला एक वेगळी अडचण आहे. नॉबच्या अगदी खाली व्ह्यूफाइंडरचा (डोळा लावून पाहायच्या काचेचा) नंबर आपल्या डोळ्याला जुळवण्याचा छोटा लिव्हर असतो. बाही खाली उतरली तर ती त्या लिव्हरला धरते, आणि मग रिवाइंड करताना आपल्या डोळ्याचा जुळवलेला नंबरही हलतो. लायका थ्री-सी, थ्री-एफ या जुन्या, लेन्स आट्यांनी बसणाऱ्या लायकांनाही नॉबखाली असाच लिव्हर आहे. शिवाय त्यांचा नॉब ॲक्सेसरी शूच्या (जोडसामान बसवायच्या वरच्या खाचेच्या) इतका जवळ आहे की वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावलेला असेल तर क्रँकचा हात त्याला आपटतो. या कॅमेऱ्यांत म्हणून नॉब पूर्ण वर ओढूनच क्रँक चालवावा, आणि बाही नॉबच्या फक्त वरच्या दोन-तृतीयांश उंचीला धरील एवढीच आखूड करून घ्यावी. झोर्कीसाठी तयार क्रँक शोधत बसण्यापेक्षा नॉबचा व्यास व्हर्निअरने दोन-तीन ठिकाणी मोजून टर्नरला द्यावा हे बरे. त्या काळी लाखोंनी बनलेल्या या कॅमेऱ्यांच्या नॉबमध्ये थोडाफार फरक मला नेहमी आढळला आहे, आणि ०.२ मिमीचा फरकही बाही सैल ठेवायला पुरेसा असतो.

फिल्मला इजा होईल का, हा आपला दुसरा प्रश्न. यंत्र ठीक असेल आणि हात सावकाश असेल तर होणार नाही. घाई केली तर होऊ शकते, आणि क्रँक हातात आला की घाई होतेच. कोरड्या हवेत फिल्म वेगाने सरकली की घासण्यामुळे स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी फिल्मवर फांद्यांसारखी किंवा ठिपक्यांसारखी उमटते. आपल्याकडे पावसाळ्यात हे सहसा दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत, विशेषतः जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूच्या कोरड्या वाऱ्यात ते मी पाहिले आहे. जतच्या एका जत्रेच्या रोलवर रात्रीच्या आभाळात चार फ्रेमभर वीज चमकावी तशा रेघा होत्या आणि त्या रात्री आभाळ निरभ्र होते. आपला एम-३ सुरुवातीच्या वर्षांतला असेल तर मागचे झाकण उचलून फिल्म दाबणारी पट्टी पाहा. सुरुवातीच्या एम-३ मध्ये ती काचेची होती. काचेची असेल तर हात आणखी सावकाश ठेवा. दोन सेकंदांना एक फेरा हे माझे माप आहे. ३० फेऱ्यांना एक मिनिट लागते, आणि एक मिनिट हे काही फार नव्हे.

फिल्मवर लांबच लांब सरळ ओरखडे आले तर त्याचा दोष मात्र क्रँकला देऊ नका. ते कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या मखमलीत अडकलेल्या धुळीच्या कणाने पडतात, नॉबने गुंडाळले तरी पडतात. कास पठारावर सप्टेंबरात धुक्यात उभे राहून रोल बदलणाऱ्याला धुळीची भीती नसते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याच्या कडेला जीपच्या बॉनेटवर रोल बदलणाऱ्याला असते. कॅसेट वापरण्यापूर्वी आणि नंतर तिच्या बंद डबीतच ठेवली की यातले बहुतेक टळते.

रिवाइंड करताना कानाचा उपयोग करा, कारण क्रँकमुळे बोटांची जाणीव कमी होते आणि ती उणीव कान भरून काढतो. एम-३ चा पुढचा लिव्हर ‘आर’ कडे पूर्ण, थांबेपर्यंत न्यायचा. नॉब वर ओढायचा, क्रँक उघडायचा, आणि बाणाच्या दिशेने पहिले दोन फेरे अगदी हळू द्यायचे. या दोन फेऱ्यांत फिल्म रेशमी कापड सरकल्यासारखी वाजते. ‘कर्र’ असा दातेरी आवाज आला तर लगेच थांबायचे. लिव्हर अर्धवट आहे असे समजायचे. सगळे ठीक असेल तर शेवटी एक हलका झटका जाणवतो आणि नॉब एकदम हलका होतो, कारण फिल्मचे टोक घेणाऱ्या रिळातून सुटलेले असते. त्यानंतर आणखी तीन-चार फेरे दिले की टोक कॅसेटमध्ये जाते. मात्र पहिल्याच फेऱ्यापासून नॉब विलक्षण हलका फिरत असेल, तर फिल्म कॅसेटच्या गाभ्यापासून सुटली आहे असे समजून झाकण उघडू नका. कॅमेरा तसाच काळ्या पिशवीत किंवा पूर्ण अंधाऱ्या खोलीत उघडावा लागेल. छत्तिसाव्या फ्रेमनंतर ‘अजून एक निघेल’ म्हणून लिव्हर बळाने ओढणाऱ्यांच्या बाबतीत हे बहुधा घडते.

आपल्या सांध्याची अवस्था पाहता आणखी एक साधी गोष्ट सुचवतो. वर्षाला दहा-बारा रोल काढणाऱ्याला प्रत्येक रोल ३६ चाच हवा असे नाही. मोठ्या डब्यातली फिल्म कापून आपण स्वतः कॅसेट भरत असाल तर २० फ्रेमच्या भरा; ओढायची फिल्म मीटरभराच्याही खाली येते, फेरे वीसच्या आसपास होतात. माझ्या एका मिरजेच्या गिऱ्हाइकांनी क्रँक घेण्याऐवजी हाच मार्ग पत्करला. ते सतारी बनवणाऱ्या घराण्यातले आहेत, रोज हाताने काम करतात, आणि अनोळखी वस्तू जुन्या वाद्यावर चढवायची नाही हा त्यांचा कटाक्ष कॅमेऱ्यालाही लागू होतो. त्यांचे मला पटले. आपल्याला मात्र मी क्रँकच सुचवीन, कारण आपली अडचण फेऱ्यांची नसून चिमटीची आहे.

किमतीचा प्रश्न शेवटी घेतला, कारण तो सर्वांत सोपा आहे. पकडीने बसलेला क्रँक उतरवला की एम-३ जसा होता तसाच राहतो, आणि जुन्या कॅमेऱ्यांचा जाणकार नॉबचे चरे आणि क्रोमियम शाबूत आहेत एवढेच पाहतो. किंमत जाते ती नॉबच बदलल्यावर किंवा त्याला भोक पाडल्यावर. ही चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत, गिऱ्हाइकाच्याच सांगण्यावरून, एका थ्री-एफच्या नॉबला मी मधोमध भोक पाडून आटे मारले आणि क्रँक पक्का बसवून दिला. काम नेटके झाले होते आणि क्रँक अनेक वर्षे चालला. पुढे त्यांच्या मुलाने कॅमेरा विकायला काढला तेव्हा मूळ नॉब शोधायला त्याला दीड वर्ष लागले, आणि तो कुठूनतरी परदेशातून मागवावा लागला. आपण कधी नॉब बदलून घेतलाच, तर जुना नॉब फिल्मच्या रिकाम्या डबीत घालून, डबीवर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून, कॅमेऱ्याबरोबरच ठेवा.

आपण सांगलीला यायचे ठरवले तर दोन्ही कॅमेरे आणा, आणि एम-३ सोबत एक वाया गेलेला, डेव्हलप न केलेला रोल आणा; निकामी झाल्याने टाकून देणार असाल असा कुठलाही चालेल. झोर्की दोन दिवस माझ्याकडे राहील. एम-३ ला बाही बसवून, कागद फिरवून, आपल्या हाताने दोनदा रिवाइंड करून पाहून आपण तो त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत नेऊ शकाल.